वेदांताचं माहेर कोणतं?

हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम भाविक, अभाविक आणि नुसत्याच पंगतीला येणाऱ्या जनतेस कळविण्यात अत्यंत दुःख होते की, एका मंगळवारी दुपारी चार वाजता मी वेदांत परदेशी ठरवला. साक्षीदार एक, कपबशा दोन.

साक्षीदार म्हणजे आमचे गुरुजी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि वीस वर्षं गावोगावच्या सप्ताहांत वेदांतावर प्रवचन करणारे. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणजे तीन विद्यार्थी आणि एक पंखा यांच्यासमोर बोलतो. गुरुजींसमोर अख्खं गाव बसतं. माझ्या खोडीत थोडी असूया होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सगळे धर्म एकाच सत्याकडे जातात, माणसाची सेवा हीच देवाची सेवा, आणि अनुभवानं पडताळल्याशिवाय काही मानू नका, हे गुरुजींचं ठरलेलं सांगणं. शेवटी हात जोडून म्हणायचे, "ही ऋषींची वाणी."

"गुरुजी, ऋषींना इंग्रजी येत होतं का हो?" मी विचारलं.

मग माझी गाडी सुटली. जीव आणि ब्रह्म एक, हे आपलंच, जुनं. पण जुने आचार्य शेवटचा शब्द श्रुतीचा मानत, तुमच्या-माझ्या अनुभवाचा नव्हे. त्यांचा साधक संसार सोडायचा, दवाखाना काढायचा नाही. ही नवी मांडणी इंग्रजी अमलातल्या कॉलेजांत घडली. पाद्र्यांनी टोमणा मारला, तुमचा धर्म गरिबासाठी काय करतो? जर्मन पंडितांनी उपनिषदांचं कौतुक केलं, तेव्हा आपल्याकडच्या शिकलेल्यांनीही ती पुन्हा उघडली.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "मंग मी वीस साल लोकायला काय सांगून राहिलो?"

मी सारवासारव केली. प्रश्न बाहेरून आले, उत्तरं आपण घरात शोधली, संतांनी तर कितीतरी आधीच भूतमात्रांत देव पाहिला होता. उपयोग झाला नाही.

"उद्या माझं प्रवचन हाय, प्राध्यापक. ते मी आपलं म्हणून सांगू का नको, एवढंच बोला."

मी पुन्हा संतांकडे वळलो, तोवर ते चहा अर्धा टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी मी प्रवचनाच्या गावी गेलो; गुरुजी तिथं वीस वर्षं बोलत आलेले, मीही अधूनमधून पंगतीला जाई. निम्मा अपराधी भावनेनं, निम्मा तमाशा पाहायला. मांडव भरलेला होता. बायकांच्या बाजूला, अगदी कडेला, शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया बसल्या होत्या. गुरुजी उभे राहिले आणि नेहमीची प्रार्थना न म्हणताच बोलू लागले.

"मी तुमाला ही ऋषींची वाणी म्हणून सांगत आलो. ते बराबर नव्हतं. यातलं काही साहेबाच्या शाळेतून फिरून आलंय. कोणतं कुठलं, हे मला आता निवडता येत न्हाई. पण माणसात देव हाय, हे मला पटलंय. आन् पटलेलं मी सोडणार न्हाई."

माझी खोडी त्यांनी चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि मी खांबाआड उभा होतो.

सप्ताहाचे अध्यक्ष लगबगीनं उठले. "विचार कुठलाबी असू द्या, गुरुजी, आपल्या गावाला चालतो!" लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. त्याच दमात अध्यक्षांनी खिशातून यादी काढली. प्रवचनकाराचं जेवण रोज एका घरी, पाळीनं असतं. आजचं घर, उद्याचं घर, परवाचं घर, ते वाचत गेले. सगळी गावातली. तांड्यावरून दर साली पंगतीला ज्वारीचं पोतं येई, पाळी मात्र तिकडे कधी गेली नव्हती. वीस वर्षांत ते गुरुजींनाही खटकलं नव्हतं आणि मलाही.

यादी संपायच्या आत कडेची एक बाई उठली. पदर सावरला, आणि अध्यक्षांकडे न बघता थेट गुरुजींनाच म्हणाली,

"सात समुद्रापल्याडचा इचार चालतो, मंग आमच्या तांड्यावरली भाकर तुमाला काहून चालत न्हाई, गुरुजी?"