वाघासाठी लावलेला कॅमेरा

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. आळेफाट्याच्या वर, पठारावर आमची वस्ती. वाघानं मेंढरू उचललं तेव्हा थोरल्या दिरांनी मेंढरांच्या जाळीशेजारी खांब रोवला आणि त्यावर कॅमेरा बसवला. उन्हावर चालणारा, सिमकार्डाचा. रेंज फक्त तिथंच येते, म्हणून तिथंच. मग त्यांनी आमच्याच माणसांना सुचेल अशी गोष्ट केली, कॅमेऱ्याचा पासवर्ड भावकीच्या ग्रुपवर टाकून दिला. पुण्यात असो की नाशकात, ज्याला वाघ दिसेल त्यानं फोन करायचा. पासवर्ड तरी काय, कुलदैवताचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

फोनवर बोलायला मीसुद्धा त्याच खांबाखाली जायची. धाकटी बहीण तळेघरच्या बाजूला दिलेली. नवरा मारायचा. पोरीला घेऊन निघायचंच, असं तिनं ठरवलं होतं. फाट्यावरच्या एका हॉटेलात भाकरी करायचं काम मी तिच्यासाठी बघून ठेवलं होतं. हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तिचा आवाज तुटत होता, म्हणून इथं सगळेच करतात तेच मी केलं, तिचं बोलणं मोठ्यानं परत म्हणून खात्री करून घेतली. "बुधवारी? पयल्या गाडीनं? आन् त्याला म्हायेरी चालले म्हणणार?"

बुधवारी मी फाट्यावर उभी. मंचरकडून आलेली एकेक गाडी बघितली. ती उतरली नाही. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी गिरणीत चुलत सासूबाई भेटल्या. दळणाचा डबा खाली ठेवत म्हणाल्या, "बरं झालं बाई, बहीण ऱ्हायली तुझी. लेकराला घिऊन कुटं वणवण केली असती?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"आगं, वाघ बघाया कॅमेरा उघडला, तर तू बोलत व्हतीस. मग लेकीला म्हनलं, बघ बाई, संसार मोडतोय तिचा."

त्यांची लेक बहिणीच्याच गावात दिलेली. तिनं ते पुढं कुणाच्या कानावर घातलं, हे सांगायला नको. बहिणीचा नवरा एसटीच्या थांब्यावर आधीच येऊन उभा होता म्हणे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरून ऐकलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या. यांच्या तोंडावर पुण्य केल्याचं समाधान! घरी येऊन दिरांना म्हटलं, पासवर्ड बदला. ते हसले. "आपल्याच मान्सांत कसला पासवर्ड? लपवायसारखं काय हाय घरात?" वर कॅमेऱ्याचं कौतुक सुरू, की तो ऐकतो, बोलतोसुद्धा, पुण्यात बसून वाघाला हाकलता येतं. माझा नवरा मोबाईलवरच्या गेममध्ये डोकं घालून बसला होता. कुणाचाच आधार नव्हता.

मग मीच शिडी लावली. त्याचे कान कुठं असतात ते मला काय ठाऊक! सगळाच गोणपाटात गुंडाळून वरून सुतळी आवळली.

त्याच आठवड्यात, दुपारी जाळीपाशी मेंढरांना पाणी दाखवत असताना बहिणीचा फोन आला, शेजारणीच्या मोबाईलवरून. तिचा पहिलाच प्रश्न, "ताई, तू कुणाला सांगितलंस?"

ऐकून फार लागलं. हळू आवाजात तिला कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं, तो बांधून टाकलाय तेही सांगितलं. मग ती घाईघाईनं म्हणाली, "बरं, ऐक. आता दुसरं ठरवलंय. या वक्ताला मी..."

तेवढ्यात डोक्यावरच्या गोणपाटातून पुण्याच्या चुलत दिरांचा आवाज आला, अगदी मायेचा. "वैनी, कॅमेऱ्यावर काय पडलंय का? दिसंना कायच. आवाज मातर चांगला येतोय."

फोन बंद झाला. मी तोच नंबर परत परत लावला. शेवटी शेजारणीनं उचलला आणि म्हणाली, "ती म्हनती, तुमच्याशी बोलायचं न्हाई."