मुक्कामाची खोटी जागा

एकटीने रानात मुक्काम करायला लागून मला सात-आठ वर्षं झाली. घोरावाडीला सकाळची लोकल पकडायची, लोणावळ्याला उतरायचं आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालू पडायचं. बाई एकटी रानात झोपते म्हटल्यावर ज्याला त्याला सल्ल्याचा उमाळा येतो. मी सगळ्यांचं ऐकून घेते, पाळते फक्त माझे नियम. ओढ्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही, झटकल्याशिवाय बुटात पाय घालायचा नाही. आणि सगळ्यांत पक्का नियम म्हणजे झोपायची खरी जागा वाटेतल्या कुणाला सांगायची नाही. या नियमाचा मला जरा गर्वच होता.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस नुकता उघडला होता तेव्हा, कुरवंड्याच्या पुढच्या एका वस्तीवर मी पाण्यासाठी थांबले. पाच-सहा घरं. पहिल्याच घरातल्या मावशींनी बाटल्या भरून दिल्या आणि विचारलं, "एकलीच का? कुटं झोपणार हाईस?"

अंगणात त्यांचे मालक कारवीच्या कुडाला माती लिंपत होते. म्हातारा माणूस, मी त्यांना आबाच म्हटलं. प्रश्न ऐकून त्यांनी मान वर करून पाहिलं. तेवढ्यावरून माझ्या मनात नको ते आलं आणि मी म्हणाले, "कड्यावरच्या पाण्याच्या टाक्यापाशी."

"बरं. सकाळी च्याला ये," मावशी म्हणाल्या.

त्यांना दिसेनाशी होईपर्यंत मी टाक्याच्या वाटेने गेले, मग वळसा घालून मागच्या पठारावर झाडोऱ्याच्या आडोशाला तंबू लावला. झोप छान लागली.

सकाळी उठले तर धुकं एवढं, की तंबूच्या दोऱ्याही दिसेनात. अशा वेळी हलायचं नसतं, म्हणून आतच बसून राहिले. तेवढ्यात कड्याच्या बाजूने पुरुषाची हाक आली. "ए पोरी..." थोड्या वेळाने पुन्हा. मी तंबूची चेन लावून घेतली, मिरचीचा फवारा हातात धरला आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. हाका तासभर चालल्या. मग थांबल्या. गेला एकदाचा कंटाळून, असं म्हणत मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चिक्की खाल्ली.

धुकं विरल्यावर, दहाच्या सुमारास, वस्तीवर आले. मावशी दारात उभ्या होत्या. मला पाहताच मटकन ओट्यावर बसल्या.

"हिकडनं कशी आलीस? ह्ये तुला हुडकाया टाक्याकडं गेल्यात, उजाडल्यापासनं. धुक्यात कडा समजत न्हाई बाहेरच्या मानसाला. त्यांला तरी कुटं धड दिसतंय, डोळ्यात मोतीबिंदू हाय."

हाका थांबून आता तास उलटून गेला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे माझ्या शहाणपणापायी दुसऱ्याचंच माणूस कड्यावर गेलं होतं. मी पाठपिशवी तिथेच टाकली आणि टाक्याच्या वाटेने पळत सुटले.

अर्ध्या वाटेत आबा भेटले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातावर ओरखडे, आवाज पार बसलेला. मला बघून ते काठी टेकून उभे राहिले. मला रडू आवरेना.

"आबा, मी जागा खोटी सांगितली होती," मी म्हणाले. "तुमच्या हाकाही ऐकल्या. ओ दिली नाही."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बाईमानूस एकली, वळख ना पाळख. ओ दिली न्हाईस ते बरंच केलंस," ते म्हणाले. मग तोंडावरचा घाम पुसत सावकाश बोलले, "पर जागा खरी सांगायची, पोरी. वर तू कुटं दिसंनास, म्हनून मी खालीच बघत बसलो व्हतो. दरीत तुझं कापड दिसतंय का."