गुंडेरावांच्या गाडीचं डावं-उजवं

गुंडेराव भालकीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पट्टी न लावता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचे आणि आम्हा बाकीच्या मास्तरांना बोलवून दाखवायचे. मी त्याच शाळेत गणिताचा मास्तर. माझी रेघ पट्टी लावूनही वाकडी यायची, म्हणूनच बहुधा त्यांचा माझ्यावर जीव. वयानं ते बरेच मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला नुसतं भीमराज.

रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, अण्णा गाडीला लागले. म्हैसूर राज्य होतं तेव्हा घेतलेली जुनी अँबॅसिडर. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, अण्णांच्या डोक्यावरचे केस गेले, गाडी मात्र तीच. स्वतःला कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना चालायचं, गाडीला बोललेलं चालायचं नाही.

त्या वर्षी श्रावणात जवळच्या मेहकरला एका बारशाला जाताना गाडी रस्ता सोडून डावीकडच्या तुरीत शिरली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यांचा मुलगा प्राणेश गुलबर्ग्याला अधिकारी. त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं निरोप धाडला, की अप्पांनी आता गाडी चालवणं बंद करावं, दसऱ्याला येऊन मी गाडी घेऊन जातो.

अण्णा म्हणायचे, मी वळवलीच नाही, गाडीच डावीकडे ओढते, पुढच्या चाकांच्या पिना झिजल्यात. प्राणेश म्हणायचा, पिना नाही, अप्पाच आता विसरायला लागलेत. मला विचाराल तर मला काहीच कळत नव्हतं. गाडी ओढायची हे खरं, मी स्वतः बसलो होतो. पण अण्णा एकच गोष्ट एकाच संध्याकाळी मला दोनदा सांगायचे आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे, हेही खरंच होतं.

एकदा ओट्यावर बसले असताना हळूच म्हणाले, “भीमराज, खरं सांग. गाडीच ओढायलीय न्हवं? का माझंच काही बिघडायलंय?”

“गाडीच ओढायलीय अण्णा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग ठरलं. प्राणेश यायच्या आत पिना बदलायच्या, त्याही घरच्या अंगणात. बाहेर मेकॅनिककडे नेली तर गावभर बोभाटा. हैदराबादहून नवा माल आला. गाडीचं तोंड वर उचलून खाली शहाबादी दगडांचे थर लावले आणि अण्णांनी दोन्ही बाजूंची चाकं एकदम काढली.

“दोन्ही बाजू एकदम कामून उघडायलात? एक झाली की दुसरी करू की,” मी म्हणालो.

“दोन्ही समोर असल्या की चूक होत न्हाई,” अण्णा म्हणाले. पुढे मला ते वाक्य फार वेळा आठवलं.

प्रत्येक चाकामागे एक उभी पिन असते. तिच्या वर एक आणि खाली एक असे लोखंडी ठोकळे आट्यांवर बसतात. गोम अशी, की एका बाजूचे आटे नेहमीसारखे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे. दिसायला मात्र सगळे सख्खे भाऊ. अण्णांनी मला हे तीनदा समजावलं आणि मला ते दोनदाच समजलं. मग त्यांनी नव्या ठोकळ्यांचे कागद फाडले, ग्रीस लावलं आणि ते गोणपाटावर मांडले. डाव्या बाजूचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे. घरात जाऊन बायकोला बजावून आले, “मालती, अंगणातल्या सामानाला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवायलो.”

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी! अण्णांच्या घरी त्या दिवशी पाने, जॅक, हातोडी, सगळी हत्यारं पाटावर पूजेला बसली. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाही. काम ठप्प. माझ्या घरचे पाने पूजेला बसत नाहीत. आमच्या घरानं ते छप्पन्न सालीच सोडलं. मी म्हणालो, माझे आणू का? अण्णा क्षणभर मोहात पडले, मग म्हणाले, “नको बाबा. मालतीला काय वाटंल.”

मालतीबाईंना काय वाटेल, यावरच ते घर चालायचं. मडीनं, म्हणजे सोवळ्यात, स्वयंपाक, शेजारणीचं तोंड न बघता तुळशीला पाणी, आणि जिभेवर खोटं कधी नाही. माझा चहाचा कप त्या घरात वेगळा होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, “भीमराज, तुमचा कप येगळा हाय. राग आला तर येऊ नका.” राग आला होता. अजूनही येतो. पण पाठीमागे एक आणि पुढ्यात एक करणाऱ्यांपेक्षा ती बाई मला परवडायची, म्हणून मी जात राहिलो, आणि चहा मात्र अण्णांबरोबर अंगणातच घ्यायचो.

दसऱ्याच्या सकाळी मी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला गेलो आणि तिथून तसाच अण्णांकडे. आरती उरकून अण्णा गाडीखाली. बाहेर आले ते घामाघूम.

“बसंना झालाय,” म्हणाले. “अर्धा आटा धरतंय आन् अडकतंय.”

“उलटं फिरवून बघितलं?”

“डावं हाय म्हणून उलटंच फिरवायलो की.”

मी पांढऱ्या कपड्यांत गोणपाटावर आडवा झालो. खाली झोपून वर बघितलं की माझं डावं-उजवं बदलायचं. उलटं म्हणजे कुठून उलटं, माझ्याकडून की गाडीकडून, हा प्रश्न मी गणिताचा मास्तर असूनही मला सुटेना. मी म्हणालो, हैदराबादवाल्यानं माल चुकीचा धाडला. अण्णा म्हणाले, पिनच वाकडी असेल. आम्ही पिन काढली, पुसली, पुन्हा लावली. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथंही तेच. काय की बाबा, दोन शिकलेली माणसं आणि अक्कल कवडीची चालेना.

शेवटी वैतागून मी डाव्या बाजूचा एक ठोकळा उचलला आणि उजव्या पिनेवर लावला. सर्रकन फिरत गेला.

“अण्णा, बसला!” मी ओरडलो. “अदलाबदल झालीय, दुसरं काही न्हाई!”

मला वाटलं ते उड्या मारतील. ते दगडावर बसले. हातातलं फडकं तसंच हातात.

“मी डावीकडं ठिवले व्हते, भीमराज. मला सपष्ट आठवायलंय.” थोडं थांबून म्हणाले, “म्हंजे मला जे सपष्ट आठवतंय तेच खोटं हाय. मग प्राणेश खरं बोलायलाय.”

माणसाला गाडीचा दोष सापडला आणि त्याच ठिकाणी स्वतःचाही.

तेवढ्यात दारातून मालतीबाई आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“अहो, तुमची चूक न्हाई. मी हलवलं.”

अण्णांनी वर बघितलं.

“काल तुम्ही दुपारी झोपला व्हता. हत्यारांची पूजा झाली, पन गाडीचीच न्हाई. सणाला गाडी लंगडी, अन् तिचे पाय अंगणात बिनपूजेचे. माझ्या जिवाला बरं वाटंना. जसं मांडलं व्हतं तसंच ताटात घेतलं. देवापुढं ठिवताना मात्र ताट देवाकडं फिरवलं. देवाचं उजवं धरूनच ठिवतात की! आन् उचलताना तसंच उचलून आणलं. माझ्या ध्यानातच न्हाई आलं.”

मी मनात ताट फिरवून बघितलं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. अगदी तेच! मी हसायलाच लागलो.

अण्णांनी एक ठोकळा उचलून डोळ्यांजवळ धरला. “कुंकू कुठाय मग?”

“पुसलं की. तुम्ही रागवाल म्हणून राकेलनं धुतलं आन् परत ग्रीस लावलं.”

मालतीबाईंनी पुसलेल्या भांड्यावर डाग सापडलेला भालकीत कुणी बघितला नाही. या ठोकळ्यांवर तरी कसा सापडावा? अण्णांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला, कुंकवाचा कणही नाही. मग त्यांचा चेहरा निवळला आणि त्यांनी बायकोकडे अशा मायेनं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“मालती,” ते म्हणाले, “जन्मात कधी खोटं बोलली न्हाईस. आज माझ्यासाठी बोलायलीस.”

“खोटं कामून बोलू? खरंच हलवलं हो!”

“व्हय व्हय,” अण्णा म्हणाले आणि कामाला लागले. ठोकळे बसले, चाकं चढली. मी मधूनच म्हणालो, मालतीअक्का खरं सांगतात, तर म्हणाले, “तुला तिनं पढवलंय.”

दुपारी प्राणेश आला. पाया पडून त्यानं आपट्याची पानं दिली. अण्णा म्हणाले, “आधी गाडीत बस.” आम्ही खटकचिंचोळीच्या रस्त्याला लागलो. मोकळ्या रस्त्यावर अण्णांनी स्टिअरिंगवरची पकड सैल सोडली. गाडी तसूभरही डावीकडे गेली नाही. घरी आल्यावर प्राणेश खाली उतरून सरळ म्हणाला, “अप्पा, माझं चुकलं. दोष गाडीचाच व्हता. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.”

मी मनातल्या मनात लढाई जिंकलो. मालतीबाईंनी हात जोडले. आणि अण्णांनी किल्ली काढून प्राणेशच्या हातावर ठेवली.

“गाडीचा दोष गेला,” म्हणाले. “माझा ऱ्हायला. घेऊन जा.”

“अहो, देवाशप्पत सांगायली, मी हलवलं!” मालतीबाई रडायलाच लागल्या. “तुळशीवर हात ठिवू का?”

“ठिवू नको,” अण्णांनी त्यांचा हात धरला. माझ्यासमोर, मुलासमोर. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच असेल. “माझ्यासाठी यवढं पाप घेऊ नको.”

प्राणेशला यातलं काहीच कळलं नाही. तो एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिला. त्याला गुलबर्ग्याला परतायची घाई होती. दिवस मावळायच्या आत त्यानं गाडी काढली.

आम्ही तिघं रस्त्यावर उभे होतो. मालतीबाई डोळे पुसत होत्या. मला त्यांचा, अण्णांचा, त्या ताटाचा, सगळ्यांचाच राग आला होता. अण्णांनी चष्मा नाकावर नीट बसवला, लांब जाणाऱ्या गाडीकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बघ भीमराज,” म्हणाले, “जरा पन ओढंना.”