कुंकू लावलेला नमुना

या वयात प्रथमच लेखणी हाती घेऊन एका अनोळखी बाईंविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मुखेडहून नांदेडला येणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवरच्या पांढऱ्या कापडी पिशवीत त्यांच्या बचत गटाने दळलेली हळद होती. युरोपात माल पाठवू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या केंद्रात तो नमुना तपासला जाणार होता.

“मावशी, लेकराचं अर्धं तिकीट फाडू का?” कंडक्टरने पिशवीकडे बघत विचारले. त्या हसल्या नाहीत. निघताना गटातल्या प्रत्येकीने पिशवीला कुंकू लावले होते. तो लाल डाग त्या नखाने हलकेच खरवडत आणि लगेच हात आवरून घेत.

“दादा, बाहेरचा रंग कणभर जरी निघाला तरी तिकडं माल घेत न्हाईत म्हनं. हे आत झिरपलं असंल का हो?”

“उघडून पाहा ना,” मी चाचरत म्हणालो.

“अन् लाल दिसलं तर? तुमच्याच हातानं गेलं, असं बायांना कोन्या तोंडानं सांगू?”

नांदेड आले. पिशवी तशीच छातीशी धरून त्या उतरल्या.

वाचकहो, तुम्ही ती उघडली असती का?