पाटणकरांचा मुकादम

लातूरला आई चार घरच्या पोळ्या लाटायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून बघायचो. त्यांनी खिडकी लावली की मालिका आमच्यापुरती संपली. त्या घरातून मी इंजिनिअर झाले, घरातली पहिली, आणि जर्मनीत, एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले.

तिथे पाटणकर सर भेटले. माझ्याच टीममधले सीनियर, पन्नाशीचे, पुण्याचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मीनल, तुझं इंग्रजी ऐकलं की भांडण चाललंय असं वाटतं गं. कॅनडाच्या मालिका बघ. ती माणसं आधी सॉरी म्हणतात, मग बोलतात."

मग दर शनिवारी त्यांच्या घरी. आधी बर्फात अडकलेल्या गावातल्या पोस्टाची विनोदी मालिका, मग रेल्वेचे रूळ घालणाऱ्या मजुरांची ऐतिहासिक. "अमेरिकन मालिकेत माणूस गोळी घालतो, जर्मन मालिकेत फॉर्म भरतो. कॅनडावाल्याला लाज वाटते. म्हणून बघायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रेल्वेच्या मालिकेत मुकादमाच्या चुकीनं पूल कोसळतो, आळ एका मजुरावर येतो आणि मुकादम गप्प बसतो. पाटणकर ताडकन उठले. "बोल ना, मूर्खा! तोंड शिवलंय का?"

"अहो, त्याला मराठी येत नाही," वहिनी म्हणाल्या. "पोहे सांडताहेत."

पाच महिन्यांत माझ्या प्रत्येक वाक्याआधी सॉरी येऊन बसलं. प्रोबेत्साइटचा, म्हणजे परीक्षेच्या मुदतीचा, एकच महिना उरला होता. तेव्हा पाटणकरांनी तपासणी न करता एक बदल ग्राहकाच्या सिस्टीमवर चढवला आणि तिथलं काम दिवसभर ठप्प झालं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मीटिंगमध्ये आमच्या जर्मन मॅनेजर बाईंनी विचारलं, "कोणी केलं?" मला फक्त दुरुस्ती झाली आहे एवढंच सांगायचं होतं. "सॉरी," मी सुरुवात केली.

"गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', असं बाई म्हणाल्या आणि माझं नाव लिहून घेतलं.

"नाही, मी नाही..." मी पाटणकरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"नवी आहे," ते म्हणाले. "शिकेल."

दोन आठवड्यांनी मला नारळ मिळाला. एस-बानच्या फलाटावर ते शेजारी येऊन उभे राहिले. "माझ्या वयाला आता कोण घेणार, सांग? तू तरुण आहेस. तुला मिळेल दुसरी."

"सर, मुकादमाला मूर्ख म्हणाला होतात," मी म्हटलं.

"अगं, ती मालिका होती."

गाडी आली. मी चढले, ते फलाटावरच राहिले.

अजूनही त्यांचे मेसेज येतात: 'नवा सीझन आलाय, जरूर बघ.' मी उत्तर देत नाही. पण मालिका बघते. खोटं कशाला बोलू, त्या माणसानं सांगितलेल्या मालिका चांगल्याच होत्या. मुकादम शेवटच्या भागापर्यंत बोलत नाही.

मला दुसरी नोकरी मिळाली, रेगेन्सबर्गला. इथल्या मीटिंगमध्ये मी सॉरी न म्हणता बोलते. मागच्या महिन्यात प्रोबेत्साइट संपला आणि मला कायम केलं.