थेंब कुठं जातो?

"रजनीताई, ताई गेली..." प्रकाशचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघायच्या घाईत होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अशी कशी गेली? काल तर बोलली माझ्याशी!" जसं काही त्यानंच तिला जाऊ दिलं. सुजाताच्या किडन्या थकल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. आता दीडेक महिना होत आला, तरी स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीवर कुणी बसलं की मला राग येतो. बसणाऱ्याचा काय दोष? पण येतो.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी मराठी. तिचं माहेर मारेगावकडचं. धाकटा भाऊ प्रकाश तिथंच राहतो, दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं फवारणी करतो. बोंडअळीनं कापूस पोखरला ती वर्षं... कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, अळी मरेना म्हणून औषधावर औषध. एके दिवशी प्रकाशला वावरातून उचलून दवाखान्यात आणलं. डोळे उघडेनात, तोंडाला फेस. सुजाता त्याच्या खाटेजवळून हलली नाही. तो वाचला, आणि अंगात जोर आल्याबरोबर पुन्हा पंप पाठीवर घेऊन निघाला. ही भांडली, तर म्हणाला, "काम सोडू तं खाऊ काय? तुही नोकरी कॉलेजात, माही वावरात."

मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. पंपातून सुटलेला थेंब वाऱ्यावर कुठं जातो, याचं गणित मांडलं. लाखो थेंब, आणि कोणत्या क्षणी कोणता थेंब कुठं आहे याची प्रत्येक क्षणाला एक फाईल. त्या फायली ओळीनं फिरवून हलतं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं कुठून तरी मिळवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुपारी तास संपले की डबा घेऊन तिच्या लॅबमध्ये बसायचे, एवढंच. पहिल्यांदा चित्र हललं तेव्हा थेंब पुढं जायचे, मध्येच मागं यायचे, पुन्हा पुढं. "बाप्पा! औषध परत पंपात जाऊन राह्यलं वं तुझं. मालक खूश!" मी म्हटलं. ती चिडली. मग शोधलं तर संगणकानं आकडे शब्दांसारखे लावून फाईल एकनंतर दहा, मग अकरा, आणि कितीतरी वेळानं दोन, अशी रांग लावलेली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशी हजेरी घेतली तं पोरं मले येडी म्हनतीन," म्हणाली.

चित्र सुधारल्यावर आम्ही ते मारेगावला घेऊन गेलो. तिच्या वस्तीतल्या समाजमंदिरात पांढरी चादर बांधली, माणसं जमली. चादरीवर पऱ्हाटीच्या ओळी, मध्ये माणसाच्या जागी एक खांब, आणि नळीतून सुटणारे थेंब. जोरात जाणारे लाल, रेंगाळणारे निळे. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं दिलेले रंग तिनं तसेच ठेवले होते. लाल थेंब सुसाट जाऊन पानांवर बसत, आणि निळ्यांचं धुकं खांबाभोवती हलकेच तरंगत राही. "किती सुंदर दिसते जी, दहिवर पडल्यावानी," मागून एक बाई म्हणाल्या. प्रकाश तर खूशच झाला. "समजलं ताई! लाल तेवढं टाळाचं. निळं तं हलकं असते, डब्यावरच्या तिकोनासारखं." औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे जहाल, निळा त्यामानानं सौम्य, हे इथं सगळ्यांना पाठ. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुजाताचा चेहरा उतरला. नाकात-डोळ्यांत जातात ते हेच रेंगाळणारे निळे थेंब! ती घाईघाईनं समजावायला लागली, पण माणसं उठली होती, चहा आला होता.

परतीच्या एसटीत ती कळंब येईपर्यंत मांडीवरच्या चादरीची घडी घालत-मोडत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी माह्या भावाले उलटं शिकवून आली वं."

त्यानंतर तिची तब्येत खालावत गेली. दवाखान्यातून आली की आडवं व्हायचं सोडून लॅपटॉप उघडायची. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. सगळे थेंब तिनं फिक्या राखाडी रंगाचे केले, आणि खांबाच्या तोंडाशी पोचतो तो थेंब तेवढा लाल. या उन्हाळ्यात प्रकाश भेटायला आला तेव्हा तिनं पलंगावर बसूनच त्याला दाखवलं. वारा समोरून असला की खांबाचा वरचा भाग बघता बघता लालभडक व्हायचा. पाठीमागून असला की क्वचित एखादा ठिपका.

"हा खांब कोन हाय?" त्यानं विचारलं.

"तू."

त्यानं पडद्यावरच्या खांबाला बोट लावलं. "अन् अर्ध्या कामात वारं फिरलं तं?"

"तं बसाचं."

"मालक बसू देईन काय?" तो हसला. सुजाताजवळ याचं गणित नव्हतं. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "त्याले पटलं असन काय वं?" मी म्हटलं, पटलं असेल. तिला ते खरं वाटलं नाही, मलाही नाही. शेवटपर्यंत तिच्या जिवाला तोच एक घोर होता, आणि तो घेऊनच ती गेली. याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या रविवारी मी मारेगावला गेले. प्रकाश घरी नव्हता, वावरात होता. वावराच्या कडेला धुऱ्यावर एका बांबूला सुजाताच्या जुन्या अबोली ओढणीची चिंधी बांधलेली, आणि हा खाली पंप ठेवून मांडी घालून बसलेला. पलीकडून मालक हातवारे करत ओरडत होता. "काहून बसला रे?" मी विचारलं.

चिंधी त्याच्या तोंडाकडे फडफडत होती. त्यानं हनुवटीनं ती दाखवली. "ताई नाही म्हनून राह्यली."

मालकानं पुन्हा हाक मारली. प्रकाश उठला नाही.