कमलम्मांची कडक भाकरी

आमच्या नाटक मंडळात नट बदलतात, दिग्दर्शक रुसतात, नायिका लग्न होऊन पुण्याला जातात. कमलम्मा मात्र वीस वर्षं जागच्या हलल्या नाहीत. सोलापुरात सात रस्त्याच्या मागं त्यांची खानावळ आहे. तालीम संपली की आम्ही दहा-बारा जण तिथं धाड टाकतो, भाकरी-आमटी आणि शेंगांची चटणी ओरपतो आणि जेवता जेवता पुन्हा भांडतो. ऐकून ऐकून निम्मे संवाद बाईंना पाठ झालेत. पण वीस वर्षांत त्यांनी आमचा एकही प्रयोग पाहिला नव्हता. प्रयोग सुटल्यावर आम्हीच भुकेलेले तिथं येणार, मग चूल कोण बघणार? याची आम्हाला कधी लाजही वाटली नाही, हे आधीच कबूल करतो.

यंदा मात्र बाई हट्टाला पेटल्या. नाट्यस्पर्धेतल्या आमच्या नाटकाच्या शेवटी, काम सुटलेला मुलगा तीन दिवसांचा उपाशी घरी येतो आणि आई त्याला जेवू घालते. भाकरी अर्थातच कमलम्मांची.

"माजी भाकरी इस्टेजवर जानार, अन् मी हितं बसू व्हय?" असं म्हणून त्यांनी खानावळीला कुलूप घातलं, इरकली लुगडं नेसल्या आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. मी साउंडच्या टेबलावरून बघत होतो. हॉल खच्चून भरलेला, परीक्षक बाहेरगावचे, आणि अंतिम फेरीचं तोंड आम्ही पाच वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

प्रयोग असा रंगत गेला की काय सांगू! शेवटचा प्रवेश आला. आई झालेली वैजयंती ताट घेऊन आली. मुलाच्या कामातला अजिंक्य मान खाली घालून बसला. हॉल चिडीचूप. तिनं भाकरी मोडली.

कडाड!

तालमीत रोज मऊ भाकरी असायची. पण कमलम्मांनी विचार केला, संध्याकाळपर्यंत ती वातड होणार, मानाच्या ताटात तसली कशी द्यायची? म्हणून आदल्या दिवशी खपून त्यांनी कडक भाकऱ्या केल्या होत्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकतील अशा. परगावी निघालेल्या लेकराला सोलापूरची आई हीच बांधून देते. पण ताटासमोर माझा माईक होता. अजिंक्यनं घास घेतला आणि सगळ्या स्पीकरमधून कुरूम कुरूम सुरू झालं. "आई, आज मालक..." कुरूम! मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मी आवाज खाली ओढला, तर संवादही गेले. आमचा दिग्दर्शक गुरुराज विंगेत डोकं धरून खाली बसला. गेलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात कमलम्मा ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं, कोरडी काय देतीस त्याला! आमटी घाल की, चुरून दे! तीन दिसाचं उपाशी लेकरू हाय!"

हसू बंद. वैजयंतीनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली बसून तिनं भाकरी चुरली, वाटीतली आमटी ओतली आणि स्वतःच्या हातानं अजिंक्यला भरवायला लागली. हे कुठल्याच तालमीत झालेलं नव्हतं. अजिंक्य खरोखरच रडला. उरलेले संवाद तो बोललाच नाही, आणि कोणाला ते हवेही नव्हते. पडदा पडला तेव्हा अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी टेबल सोडून नाचलो!

आठवड्यानं प्राथमिक फेरीचा निकाल लागला, आमचा पहिला नंबर आला. गुरुराज पेढे घेऊन खानावळीत शिरला, आम्ही सगळे मागोमाग.

"अम्मा, अंतिम फेरीलाही चला," तो म्हणाला. "तिसऱ्या रांगेत बसायचं, मी खूण केली की उठायचं आणि अगदी तसंच ओरडायचं!"

कमलम्मांचा चेहरा उतरला. आपण नाटकाचा विचका केला, असंच बाई इतके दिवस धरून बसल्या होत्या.

"तसं न्हाय जमायचं रे," त्या म्हणाल्या. "मला लई लाज वाटती अजून. निम्मं नाटक पाठ हाय मला, तरी त्या वक्ताला नाटक हाय हेच इसरले. म्होरं पोरगं उपाशी बसलं होतं, कोरडं चावत होतं, म्हनून वरडले."

वैजयंती उठली आणि कमलम्मांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. पहिला नंबर ऐकतानाही ती इतकी रडली नव्हती.